माजघरातील हाक

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल वडगाव आणि कान्हे ही स्थानके मागे टाकून कामशेतास येते, तेव्हा खिडकीच्या दोन्ही अंगांस भाताची खाचरे दिसू लागतात. श्रावणात त्या खाचरांचा हिरवा रंग डोळ्यांत मावत नाही. इंद्रायणीस पाणी चढलेले असते, डोंगरांच्या कडांवर ढग उतरलेले असतात आणि गावातील जुन्या घरांच्या भिंती ओल धरून बसलेल्या असतात.

अशाच एका घरातील ही हकीकत आहे. हे घर दोन वेगवेगळ्या काळांत बांधले गेले होते. मागची बाजू जुनी. काळ्या दगडाची, मातीत रचलेली दोन हात जाडीची भिंत, वर कौले, मध्ये माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर. पुढे पूर्वी जेथे ओसरी होती, तेथे वडिलांनी विटांच्या दोन खोल्या बांधून त्यांवर स्लॅब घातला होता. जुन्या व नव्या घराच्या मध्ये एक अरुंद बोळ राहिला होता. रस्त्यावरील खांबावरून आलेली काचेच्या तंतूची केबल पुढच्या खोलीत शिरली होती व तेथेच दूरचित्रवाणी संचाच्या मागे राउटर ठेवलेला होता. पुढच्या खोलीत इंटरनेट उत्तम चाले. बोळात ते कसेबसे येई. माजघरात मात्र जवळजवळ पोहोचतच नसे.

आजवर याचे कोणास फारसे वाईट वाटले नव्हते. पण आषाढात परसातील शेवाळावरून आजीचा पाय घसरला आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली. तथापि आणखी काही आठवडे तिने पलंगावरून उतरू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिचा पलंग माजघरात होता. पुढच्या खोलीत तो नेणे शक्य नव्हते, कारण बोळाचे वळण अरुंद होते व पलंग शिसवी, जुन्या मापाचा होता. आजीसही माजघर सोडावयाचे नव्हते. देव्हारा तेथून दिसतो, एवढेच कारण तिने सांगितले.

आजीचा धाकटा मुलगा नौदलात होता. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' या संस्थेत जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण घेऊन तो जहाजावर रुजू झाला होता. जहाज समुद्रात असले म्हणजे आठवडेच्या आठवडे त्याचा फोन येत नसे. बंदरास लागले म्हणजे येई. श्रावणाच्या आरंभी असा एक फोन आला. थोरल्या नातीने मोबाइल धावत माजघरात नेला. पडद्यावर काकांचा चेहरा उमटला, ओठ हलले, आणि तेथेच चित्र गोठले. आवाजाचे दोन तुकडे आले, मग तेही बंद झाले. पाच मिनिटे खटपट चालली. तोवर काकांची वेळ संपली होती.

"थांबला गं तो," आजी म्हणाली. "बोलता बोलता थांबला."

ती एवढेच बोलली व भिंतीकडे वळली. पण तेवढ्याने नातीच्या मनास चुटपुट लागून राहिली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की, पुढच्या आठवड्यातील रविवारी रात्री नऊच्या सुमारास काका पुन्हा फोन करतील, त्यानंतर जहाज दूर जाईल. हातात अकरा दिवस होते.

बाजारपेठेतील दुकानदाराने वडिलांस सांगितले, की चार शिंगांचा मोठा राउटर घ्यावा, म्हणजे सारे घर भरून जाईल. हा सल्ला अनेक घरांत दिला जातो व पुष्कळदा तो फसतो. का फसतो, हे त्या मुलीस शाळेत विज्ञानाच्या बाईंकडून कळले.

"राउटर मोठ्याने ओरडेल," बाई म्हणाल्या, "पण मोबाइलला उत्तर द्यावे लागते ना? त्याचा आवाज लहानच राहणार. गच्चीवरच्या माणसाने कर्णा लावून विचारले आणि खालच्याने कुजबुजत उत्तर दिले, तर संभाषण होईल का?"

शिवाय ओरडण्यासही कायद्याची मर्यादा आहे. रेडिओलहरी कोणी कोणत्या कंपनसंख्येवर व किती शक्तीने पाठवाव्यात, याचे नियम सरकार ठरविते. घरगुती वाय-फायचा मुख्य पट्टा सेकंदास २४० कोटी आंदोलनांच्या आसपासचा आहे. २००५ सालच्या नियमांनी हा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरण्याची मुभा मिळाली. मात्र शक्ती ठरलेल्या मर्यादेतच ठेवावी लागते. सेकंदास ५०० कोटींहून अधिक आंदोलनांचा दुसरा पट्टाही आहे. तो अधिक वेगवान. पण भिंतींपुढे लवकर हार मानणारा.

आता या लहरी म्हणजे आहे तरी काय? प्रकाश आणि ही लहर ही एकाच कुळातील भावंडे आहेत. दोघांचा वेग एकच, सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर. भेद आहे तो लांबीचा. प्रकाशाच्या एका लहरीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. वाय-फायच्या लहरीची लांबी काढावयाची असेल, तर वेगास आंदोलनांनी भागावे. ३ लाख किलोमीटरांस २४० कोटींनी भागिले, की साडेबारा सेंटिमीटर येतात. म्हणजे साधारण वीतभराहून कमी. ही लांबी मोठी असल्यामुळे जेथे प्रकाश पूर्ण अडतो, तेथून ही लहर काही अंशी पार होते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात कलकत्त्यास भर सभेत याचे प्रात्यक्षिक दाखविले होते. बिनतारी लहरी भिंतींतून पाठवून त्यांनी पलीकडील घंटा वाजविली. पुढील प्रयोगांत त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरीही निर्माण केल्या.

पार होते हे खरे. परंतु प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. लाकडी दार थोडा कर घेते, विटांची भिंत अधिक, दोन हात दगड त्याहूनही पुष्कळ अधिक. पाणी तर मोठेच लोभी. २४५ कोटी आंदोलनांच्या लहरींनी अन्न तापविणारी मायक्रोवेव्ह भट्टी चालते, ती अन्नातील पाणी त्या लहरींची शक्ती शोषून घेते म्हणूनच. तेव्हा पाण्याने भरलेले रांजण, टाकी किंवा पावसाने भिजलेली भिंत मध्ये आली, की लहर दमते. आणि धातू लहरीस शोषत नाही, तर परतवून लावतो. पत्र्याची पेटी, लोखंडी कपाट, आरशामागील चकचकीत मुलामा, स्लॅबमधील सळयांची जाळी, हे सारे लहरीच्या वाटेतील पहारेकरी होत. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यापासून थोड्याच अंतरावर द्रुतगती मार्गाचा कामशेतचा बोगदा आहे. डोंगराच्या पोटात शिरले, की मोटारीतील आकाशवाणीचे गाणे खरखरू लागते, हा तेथील प्रवाशांचा अनुभव. माजघर हा जणू घरातील लहानसा बोगदाच होता.

अंतराचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत दुप्पट दूर गेल्यास लहरीची शक्ती निम्मी होत नाही. ती चौथाई होते. तिप्पट दूर गेल्यास नववा हिस्सा उरतो.

बाईंनी मुलांस आणखी एका गोष्टीची आठवण दिली. शाळेची सहल गतवर्षी बेडसे लेण्यांस गेली होती. कामशेतजवळच्या त्या डोंगरात कारागिरांनी चैत्य कोरताना पुढचा खडकाचा मोठा भाग तसाच ठेविला आहे. मधल्या अरुंद वाटेने आत जावे लागते. चैत्याचे तोंड पूर्वेस असल्याने सकाळी आत उजेड येतो. पण खांबांच्या रांगेमागे जो बसेल, त्याच्या वाट्यास तो थेट येत नाही. कोठून तरी आपटून, परतून आलेला मंद उजेड तेवढा मिळतो. "राउटरच्या जागी एक दिवा आहे असे समजा," बाई म्हणाल्या, "आणि पाहा, तुमच्या घरात त्याचा उजेड कोठवर जाईल."

त्याच चैत्यात मुलांनी आरोळ्याही ठोकल्या होत्या. गोल छताखाली एक शब्द उच्चारला, की तोच दोनतीन वाटांनी परत येई व पुढच्या शब्दावर चढे. भरभर बोलणाऱ्याचे काहीच कळत नसे. घरातील लहरींचेही अगदी असेच होते. भिंतींवरून, कपाटांवरून आपटून आलेले प्रतिध्वनी मूळ संदेशात मिसळतात. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ही अडचण सोडविली. ओसलिव्हन हे मूळचे आकाशाचे अभ्यासक. स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांकडून येणारे क्षीण रेडिओसंकेत ते पूर्वी शोधीत होते. ते संकेत सापडले नाहीत. परंतु विस्कटलेले संकेत सावरण्याचे गणित त्यांच्या हाती राहिले. एकाच दूताने सारा निरोप घाईघाईने सांगण्याऐवजी तो अनेक दूतांत वाटून द्यावा व प्रत्येकाने आपला तुकडा सावकाश सांगावा, म्हणजे पहिल्या अक्षराचा प्रतिध्वनी विरेपर्यंत दुसरे अक्षर निघतच नाही, अशी ही युक्ती होती. १९९६ साली तीस अमेरिकेत पेटंट मिळाले आणि पुढे घरोघरच्या वाय-फायमध्ये ती शिरली.

या संस्थेचा महाराष्ट्राशी एक जुना ऋणानुबंध आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. डॉ. गोविंद स्वरूप तरुणपणी, १९५३ साली, तेथे शिकावयास गेले होते. सिडनीजवळच्या, तेथे उपयोगात नसलेल्या ३२ तबकड्या त्यांच्या प्रयत्नाने भारतास मिळाल्या आणि १९६५ साली कल्याणजवळ त्या उभ्या करून सूर्याचा अभ्यास सुरू झाला. पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद येथे त्यांनीच ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभारली. गंमत अशी, की खोडदच्या शास्त्रज्ञांस मानवनिर्मित लहरींची शांतता हवी असते. माणसाच्या यंत्रांचा गोंगाट तेथे कमी, म्हणूनच ती जागा निवडली गेली. एकाच जिल्ह्यात एकास लहरी नकोशा झाल्या होत्या आणि दुसऱ्या घरी त्यांच्यासाठी जीव टांगणीस लागला होता.

असो. मुलगी घरी आली ती चौकटींची वही घेऊनच. तिने घराचा आराखडा काढला. मोबाइलमध्ये संकेताची शक्ती आकड्यांत दाखविणारे एक विनामूल्य ॲप वडिलांनी बसवून दिले. पडद्यावरील त्या चार वक्ररेषा फार ढोबळ असतात. त्यांवरून काही ठरविणे म्हणजे हाताने कपाळ चाचपून ताप सांगण्यासारखे आहे. आकड्यांचे तसे नाही. हे आकडे उणे असतात, कारण ते एक मिलिवॅट या ठरलेल्या शक्तीशी तुलना करून सांगितलेले असतात व मोबाइलपर्यंत पोहोचणारी शक्ती तिच्याहून फारच कमी असते. उणे ४० हा आकडा उणे ८० पेक्षा चांगला. आणि दर १० आकडे खाली गेल्यास शक्ती दहाव्या हिश्शावर येते.

धाकटा भाऊ मोबाइल धरून एकेका ठिकाणी उभा राही, ती आकडा लिहून घेई. पुढच्या खोलीत उणे ३८. खोलीच्या दारात उणे ४९. बोळात उणे ६४. माजघराच्या उंबरठ्यावर उणे ७२. आजीच्या पलंगाशी उणे ८४.

"पुढच्या खोलीतल्यापेक्षा इथे किती कमी?" भावाने विचारले.

मुलीने हिशेब केला. फरक ४६ चा. चाळिसाचे दहा हजार पट आणि वरच्या सहांचे सुमारे चौपट; म्हणजे पलंगाशी पोहोचत होता तो पुढच्या खोलीतील शक्तीचा सुमारे चाळीस हजारावा भाग.

मग तिने पट्टी घेतली आणि आराखड्यावर राउटरपासून पलंगापर्यंत सरळ रेघ ओढली. ही रेघ पाहून वडील हसू लागले. दूरचित्रवाणीचा संच, विटांची भिंत, बोळात भिंतीस टेकून ठेवलेले आरशाचे लोखंडी कपाट आणि शेवटी दगडी भिंत, अशी पहाऱ्यांची रांगच त्या रेघेवर उभी होती. माजघराचे दार मात्र रेघेपासून चार हात बाजूस होते. खुद्द राउटर जमिनीलगत, तारांच्या गुंत्यात पडलेला.

त्या संध्याकाळी एक पैसाही खर्च न करता दोन कामे झाली. राउटर उचलून दाराच्या बाजूस, डोक्याहून उंच फळीवर ठेवला. कपाट बोळाच्या दुसऱ्या टोकास सरकविले. राउटरच्या उभ्या शिंगापासून लहर आडव्या दिशेने, चाकाच्या धावेसारखी चहूकडे पसरते. शिंगाच्या टोकाच्या दिशेने ती सर्वांत दुबळी असते. ज्यांस वरच्या मजल्यावर इंटरनेट हवे असते, त्यांनी एखादे शिंग आडवे करावे ते याचसाठी. या घरात माजघर त्याच पातळीवर होते, म्हणून शिंगे उभीच ठेवली. बोळातील आकडा उणे ५८ झाला. पलंगाशी उणे ७६. आठ आकड्यांचा लाभ, म्हणजे शक्ती सुमारे सहापट. चित्र आता दिसे. पण मिनिटागणिक अडखळे.

शेजारच्या घरी भिंतीवरच्या खटक्यात खोचावयाचा एक रिपीटर होता, तो त्यांनी चार दिवसांसाठी दिला. मुलांनी तो आनंदाने थेट आजीच्या पलंगाजवळ लाविला. मोबाइलवरील साऱ्या रेषा भरल्या. आकडा उणे ३५! पण परीक्षेसाठी पुण्याच्या आत्यास फोन लावून पाहिला, तर चित्र पूर्वीइतकेच अडखळत होते.

हे कोडे अनेकांस पडते. रिपीटर हा निरोप्या आहे. त्याने जे ऐकले, तेच तो पुन्हा सांगतो. तो माजघरात उभा राहिला, तर मोबाइलास त्याचा आवाज खणखणीत ऐकू येतो. परंतु त्याला स्वतःला राउटरचे बोलणे उणे ७६ एवढेच ऐकू येत असते. अर्धवट ऐकलेला निरोप मोठ्याने सांगितल्याने पुरा होत नाही. निरोप्यास जेथे अजून नीट ऐकू येते, तेथेच त्यास उभे करावयास हवे, म्हणजे बोळात.

बोळात दिव्याच्या बटणांजवळ खटका होताच. तेथे रिपीटर लावल्यावर पलंगाशी उणे ६३ आकडा मिळाला व आत्याचा चेहरा प्रथमच न थांबता दिसला. मुले नाचू लागली. तोच धाकट्याने पुढच्या खोलीत चित्रपट लावला आणि आत्या पुन्हा गोठली.

याचेही कारण आहे, व ते समजण्यास कामशेतकरांस फार दूर जावयास नको. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्यामध्ये लघुलहरींची थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे बोलण्याचे ठाणे पुण्याजवळ खडकीस होते आणि ऐकण्याचे ठाणे कितीतरी मैल दूर, दौंडला. मुख आणि कान यांत एवढे अंतर ठेविल्याने आपल्याच आवाजाने आपले कान किटत नसत. साध्या रिपीटरचे मुख व कान मात्र एकाच मुठीएवढ्या डबीत आणि एकाच लहरीवर. तो बोलत असताना ऐकू शकत नाही. प्रत्येक निरोप एकदा ऐकावयाचा, एकदा सांगावयाचा. त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. एकट्या मोबाइलास तो पुरे. घर भरलेले असेल तर अपुरा. 'मेश' म्हणून जे दोनतीन डब्यांचे महागडे संच मिळतात, त्यांतील चांगल्या संचांत डब्यांच्या आपसातील बोलण्यासाठी निराळा पट्टा राखलेला असतो, म्हणून ते अधिक बरे चालतात. जागेचा नियम मात्र त्यांनाही चुकत नाही.

"मग निरोप्याने हवेतून ऐकायचेच कशाला?" मुलीने विचारले. "तारेतून ऐकले तर?"

वडील तिच्याकडे पाहतच राहिले. बिनतारी यंत्रास तार जोडावयाची ही कल्पना प्रथम विपरीत वाटते. परंतु अशा दगडी घरांत तिच्यासारखा खात्रीचा उपाय नाही. तारेस भिंतीचा कर द्यावा लागत नाही. घरात वापरतात त्या इंटरनेटच्या केबलीतून निरोप शंभर मीटरपर्यंत निर्वेध जातो. माळ्यावर पूर्वीचा राउटर धूळ खात पडला होता. बाजारातून पंधरा मीटर केबल आणली. ती पुढच्या खोलीतून बोळाच्या आढ्यालगत नेली आणि दगडी भिंतीत जुन्या विजेच्या तारेसाठी ठेवलेल्या भोकातून माजघरात उतरविली. विजेची तार त्या भोकातून केव्हाच काढून टाकली होती, याची खात्री वडिलांनी आधी करून घेतली; मुलांस शिडीवर चढू दिले नाही. धाकट्याने केबल बाहेरून, कौलांवरून नेण्याची जवळची वाट सुचविली होती. ती वडिलांनी मोडून काढली. मावळातील पावसात विजा कडाडतात आणि उघड्यावरील तांब्याच्या तारेतून त्यांचा झटका घरातील यंत्रांपर्यंत येऊ शकतो. खांबावरून येणारा काचेचा तंतू स्वतः वीज वाहत नाही, हा त्याचा एक मोठा गुण.

जुना राउटर जोडताना एक खबरदारी घ्यावी लागते. घरातील प्रत्येक मोबाइलास राउटर एक पत्ता देतो. पत्ते देणारे दोघे झाले, तर एका दारावर दोन पाट्या लागल्यासारखा घोटाळा होतो. म्हणून जुन्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून त्याने केवळ निरोप पोहोचवावा, अशी व्यवस्था केली. दोघांस नाव व परवलीचा शब्द एकच दिला. मात्र दोघांनी एकाच वाटेवर बोलून एकमेकांस अडवू नये, म्हणून पुढच्यास १ क्रमांकाची वाट दिली व माजघरातल्यास ११. या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीन वाटाच एकमेकींपासून पुरेशा दूर आहेत.

हे सारे शनिवारी रात्री पुरे झाले. पलंगाशी उणे ४१.

रविवारी दुपारपासून पाऊस लागला होता. आजीने संध्याकाळी केस विंचरून घेतले, ठेवणीतील लुगडे मागितले. आठ वाजता देवापुढे समई लागली. आठ वाजून चाळीस मिनिटांनी गावातील वीज गेली.

दोन्ही राउटरांचे दिवे मालवले. अकरा दिवस मोजलेले आकडे, सरकविलेले कपाट, आढ्यावरून नेलेली तार, कशाकशाचा उपयोग उरला नाही. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. मोबाइलची स्वतःची रेंज त्या दगडी खोलीत मुळीच येत नसे. वडील काही न बोलता छत्री घेऊन बाहेर पडले आणि शेजाऱ्यांचा छोटा बॅटरी-डबा घेऊन आले. राउटरास लागणारी १२ व्होल्टची वीज त्यातून मिळते. डबा एकच होता. तो पुढच्या राउटरास लावावा, तर माजघरातला बंद राहणार. माजघरातल्यास लावावा, तर त्याला निरोप देणाराच मुका. मुलीने क्षणभर विचार केला व शेजाऱ्यांनी दिलेल्या रिपीटरकडे पाहिले. पण त्यालाही वीज हवीच होती.

"बाबा, डबा पुढच्यालाच लावा," ती म्हणाली, "आणि आजीचा पलंग दाराच्या रेघेत आणू या. चार हातच तर सरकवायचा आहे."

पलंग बोळातून जात नव्हता. माजघरातल्या माजघरात सरकण्यास त्यास कोणती आडकाठी होती? वडील, आई आणि शेजारचे दोघे अशा चौघांनी समईच्या उजेडात, आजीस हिसका न बसू देता, तो जड पलंग तसूतसूने दारासमोर आणिला. बोळाचे दार उघडे टाकले. पुढच्या खोलीचेही उघडले. आता फळीवरील राउटर आणि आजीची उशी यांमध्ये दगड नव्हता, वीट नव्हती, लोखंड नव्हते. होती ती दोन दारे आणि त्यांतून येणारा पावसाचा गारवा. मुलीने मोबाइल उशीवर धरला. उणे ५९.

नऊ वाजले. सव्वानऊ झाले. आजी डोळे मिटून पडली होती. पण तिची बोटे पांघरुणाची किनार चाळवीत होती. नऊ वाजून बावीस मिनिटांनी मोबाइल वाजला.

काका बंदरावरच्या एका दिव्याखाली उभे होते. त्यांनी हात हलविला, आणि तो हात हलतच राहिला. आजीने मोबाइल दोन्ही हातांत घेऊन अगदी जवळ आणला आणि बराच वेळ त्या चेहऱ्याकडे नुसती पाहत राहिली.

"आई, ऐकू येतंय ना?" काकांनी विचारले. "एवढा काळोख का तिथे?"

"वीज गेली आहे रे," आजी म्हणाली. "तू तोंड दिव्याकडे कर. जेवलास का?"